ब्रिटनने न पाहिलेले ब्रिटिश जेवण

थ्रेड : नाताळ, दूरचित्रवाणी आणि ‘परंपरा’

३१ डिसेंबरच्या संध्याकाळी जर्मनीतील असंख्य घरांत अठरा मिनिटांचे एक कृष्णधवल प्रहसन लागते. भाषा इंग्रजी, नट इंग्रज, विनोदाची जातकुळीही इंग्रजच. बहुतेकांना ते तोंडपाठ असते. ‘डिनर फॉर वन’ हे त्याचे नाव. ज्या देशाचे हे प्रहसन, त्या देशातील सामान्य माणसाला मात्र ते कालपरवापर्यंत ठाऊकही नव्हते.

मग नाताळाच्या सुट्टीत ब्रिटन काय पाहत होता?

दुपारी तीन वाजता राजघराण्याचा संदेश. ही वेळ मुळात दूरचित्रवाणीची नव्हे, रेडिओची आहे, आणि ती ठरली ब्रिटनच्या सोयीने नव्हे तर साम्राज्याच्या. १९३२ च्या नाताळाला पाचव्या जॉर्जने सँड्रिंगहॅमहून पहिला संदेश वाचला, तेव्हा लघुलहरींवरून जास्तीत जास्त वसाहतींपर्यंत आवाज पोहोचेल अशी वेळ म्हणून तीन वाजले निवडले गेले. हिंदुस्थानात तोवर रात्र पडलेली होती. संदेशाची वाक्ये लिहिली होती रुडयार्ड किपलिंगने, म्हणजे मुंबईत जन्मलेल्या लेखकाने. १९५७ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथ यांचा संदेश प्रथमच पडद्यावर दिसला. साम्राज्य तोवर विरत चालले होते, पण घड्याळ तेच राहिले. आजही तीनच वाजतात.

आणि बातम्या? बीबीसीने ५ जुलै १९५४ रोजी दूरचित्रवाणीवर बातमीपत्र सुरू केले खरे; परंतु रिचर्ड बेकर यांचा केवळ आवाज ऐकू येई, चेहरा दिसत नसे. वाचणाऱ्याच्या मुद्रेवरील एखादी रेषा हलली तरी बातमीला रंग चढेल, ही धास्ती. सप्टेंबर १९५५ मध्ये प्रतिस्पर्धी आयटीव्ही दाराशी येऊन उभे राहिले, तेव्हा कुठे बीबीसीच्या निवेदकांना तोंड लाभले. अशा सोवळ्या संस्थेच्या वृत्तनिवेदिका अँजेला रिपन १९७६ च्या मोरकँब आणि वाइज यांच्या नाताळ विशेष कार्यक्रमात बातम्यांच्या मेजामागून उठल्या आणि चक्क नाचल्या. प्रेक्षकांनी तोवर त्यांना मेजाच्या वरच पाहिले होते! वीस-बावीस वर्षांत बीबीसी चेहरा लपवण्यापासून इथवर आली. ब्रिटिश माणूस नाताळच्या दूरचित्रवाणीची आठवण काढतो तेव्हा त्यात हे दृश्य हमखास असते.

‘डिनर फॉर वन’ मात्र त्या आठवणीत नाही. लॉरी वायली यांचे हे लेखन. फ्रेडी फ्रिंटन हा विनोदी नट ते इंग्लंडच्या रंगमंचांवर वर्षानुवर्षे करीत असे. १९६२ मध्ये जर्मन कार्यक्रमकर्ते पेटर फ्रांकेनफेल्ड यांनी ब्लॅकपूलला ते पाहिले, आणि १९६३ मध्ये हॅम्बुर्ग येथे प्रेक्षकांसमोर त्याचे चित्रीकरण झाले.

हॅम्बुर्ग आणि १९६३, या दोन शब्दांशी इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबायला हवे. बरोबर वीस वर्षांपूर्वी, जुलै १९४३ मध्ये, ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी हे शहर जाळले होते. तीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्या शहरात एक इंग्रज नट येतो आणि जर्मन भाषेत प्रयोग करण्यास नकार देतो. नकाराचे कारण युद्धाच्या आठवणी, असे सांगितले जाते. तडजोड अशी निघाली की आरंभी एका निवेदकाने जर्मनमध्ये कथा समजावून सांगायची आणि पुढचे सारे इंग्रजीत. ध्वनिमुद्रणात आजही प्रेक्षकांतील एका बाईचे न आवरणारे हसू स्पष्ट ऐकू येते.

कथा म्हणाल तर एवढीशी. मिस सोफीचा नव्वदावा वाढदिवस. मेजावर चार पाहुण्यांच्या जागा मांडलेल्या. पण चौघेही केव्हाच वारलेले. बटलर जेम्स प्रत्येक पदार्थागणिक चौघांच्या वतीने पेले रिचवतो आणि झिंगत जातो. पाहुण्यांपैकी एक आहे अ‍ॅडमिरल फॉन श्नायडर. त्याच्या वाटचे पिताना जेम्सला प्रशियन शिस्तीत टाचेवर टाच आपटावी लागते आणि दर वेळी त्याचाच पाय दुखावतो. हॅम्बुर्गचे लोक यालाही हसले. समेट केवळ करारनाम्यांनी होतो, असे मानणाऱ्यांनी हे अठरा मिनिटांचे चित्रीकरण जरूर पाहावे.

आणखी एक. जेवणाची सुरुवात होते मलिगटॉनी सूपने. हा शब्द तमिळ ‘मिळगु तण्णीर’, म्हणजे मिरीच्या पाण्यापासून आलेला. जेम्स ज्याला पुनःपुन्हा अडखळतो, ते जमिनीवर पसरलेले वाघाचे कातडे, मुंडक्यासकट. पाहुणे गेले, काळ गेला. बाईंनी फक्त मांडणी हलू दिली नाही. प्रहसनातला बटलर दर खेपेला विचारतो, गेल्या वर्षीचीच रीत ना? त्या तीन वाजताच्या संदेशालाही हा प्रश्न विचारता आला असता.

रीत मात्र नंतर बसली. १९७२ पासून उत्तर जर्मन दूरचित्रवाणीने ३१ डिसेंबरची वेळ कायम केली. शतकांचा वारसा वगैरे काही नाही. कार्यक्रमपत्रिका आखणाऱ्या कुणा अधिकाऱ्याचा निर्णय. नॉर्वेत ते २३ डिसेंबरला लागते. स्वीडनने तर पडद्यावर मद्य फार वाहते म्हणून प्रथम ते बाजूला ठेवले आणि १९७६ मध्ये दाखवले. त्याच स्वीडनमध्ये २४ डिसेंबरच्या दुपारी तीन वाजता लोक डोनाल्ड डकची जुनी व्यंगचित्रे पाहतात, १९६० पासून. तिथेही तीनच, पण राजाविना.

फ्रिंटन १९६८ मध्येच वारला. आपण परमुलखातील सण झालो आहोत, हे त्याला कळलेच नाही. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ‘डिनर फॉर वन’ प्रथम दाखवले गेले ते स्काय आर्ट्स वाहिनीवर, ३१ डिसेंबर २०१८ रोजी, हॅम्बुर्गच्या चित्रीकरणानंतर पंचावन्न वर्षांनी.