आपले गाव पायी पाहू या : पातूरच्या जुन्या वास्तू

आपल्या घराघरांतला प्रवासाचा शिरस्ता ठरलेला आहे. दसऱ्याला नागपूरची दीक्षाभूमी, सहा डिसेंबरला मुंबईची चैत्यभूमी आणि पैसा साठला तर दिवाळीच्या सुटीत अजिंठा-वेरूळ. हा शिरस्ता चांगलाच आहे, तो मोडू नये. पण शेकडो मैलांवरची लेणी पाहून आलेल्या आमच्या पातूरच्या कित्येक मुलांनी गावाशेजारच्या टेकडीतली लेणी पाहिलेली नसतात. अकोल्याहून वाशिमला जाणारा प्रवासी पातूरला चहा पितो नि पुढे जातो. त्याचे एक सोडा, तो परका. गावात जन्मून गाव न पाहिलेल्या आपल्या माणसाचे काय?

म्हणून गेल्या काही महिन्यांपासून आम्ही दर रविवारी वस्तीतल्या पाच-सात मुलामुलींना घेऊन पायी गाव पाहतो. वही, पेन्सिल, शिंप्याकडची जुनी मोजपट्टी नि पाण्याच्या बाटल्या एवढेच सामान. आमचे शिक्षण बी.कॉम., नोकरी कारकुनाची. इतिहासाची पदवी आमच्यापाशी नाही. मात्र जे दिसले ते तारीख घालून लिहून ठेवावे, एवढी सवय कचेरीने लावली आहे. पायी गाव पाहायला ती पुरते, हा आमचा अनुभव.

सुरुवात आम्ही गावाच्या जागेपासून करतो. जुन्या लोकांनी वऱ्हाडाचे दोन भाग मानले, पायनघाट आणि बालाघाट. पूर्णेच्या खोऱ्यातली काळीभोर कपाशीची जमीन म्हणजे पायनघाट आणि दक्षिणेकडचा डोंगराळ वरचा मुलूख म्हणजे बालाघाट. पातूर या दोहोंच्या सांध्यावर, घाटाच्या पायथ्याशी बसले आहे. खालून आलेला गाडीवान इथे बैल सोडणार, वरून उतरलेला इथे विसावा घेणार. आज राष्ट्रीय महामार्ग १६१ त्याच दिशेने जातो. रस्त्याचे डांबर नवे, पण वाट जुनी आहे. हे एकदा मुलांच्या ध्यानी आले की पुढचा प्रश्न तीच विचारतात, "मग लेणी इथंच का कोरली जी?"

रेणुकामातेच्या टेकडीच्या बाजूला खडकात ही लेणी कोरलेली आहेत. जुन्या गॅझेटिअरमध्ये त्यांना विहार म्हटले आहे. अजिंठ्याची चित्रे नि वेरूळची शिल्पे डोळ्यांत घेऊन इथे येणाऱ्याची निराशा होईल. इथले काम साधे आहे. पण विहार म्हणजे मुळात साधूंची राहायची जागा. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूंनी भटकंती थांबवून एका ठिकाणी राहायचे, असा वर्षावासाचा नियम. पावसापासून निवारा हवा, वस्ती भिक्षेला जाण्याइतकी जवळ नि गोंगाटापासून दूर हवी, आणि रहदारीच्या वाटेवर दान देणारे व्यापारी हवेत. घाटाच्या पायथ्याशी हे सारे एकत्र मिळते. महाराष्ट्रातली कितीतरी लेणी अशा घाटवाटांच्या आसपास का आहेत, त्याचे उत्तर पातूरच्या टेकडीवर उभे राहून सहज कळते.

वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. तिथे १९३९ साली विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला, तेव्हा या शाखेवर मोठा प्रकाश पडला. याच शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे दान दिले, हे तिथल्या शिलालेखावरून कळते. म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या राज्याच्या आश्रयाने अजिंठा फुलले, त्याची राजधानी आपल्या पातूरपासून एसटीने तासा-दीड तासाच्या अंतरावर होती. मुलांना हे सांगितले की ती टेकडीकडे वळून पाहतात. गावाचे मोल त्यांच्या नजरेत तिथेच वाढलेले असते.

खडक कोरण्याचे कामही समजून घ्यावे. घर बांधताना आपण खालून वर जातो. लेणे कोरणारा वरून खाली येतो. आधी छत, मग खांबाचा माथा, शेवटी जमीन. त्यामुळे उंच परांची बांधावी लागत नाही, पण चुकीला क्षमाही नाही, कारण फुटलेला दगड पुन्हा जोडता येत नाही. छिन्नी-हातोडीने काळा पाषाण असा हटवणारे हात कोणाचे होते? दान देणाऱ्या मंत्र्याचे नाव शिलालेखात राहिले, पाथरवटांची नावे कुठेही राहिली नाहीत.

टेकडी उतरून आम्ही गावात येतो. पातूरला जुन्या कागदांत 'पातूर शेख बाबू' म्हटलेले आढळते. अकोला जिल्ह्यातच पातूर नंदापूर नावाचे दुसरे गाव आहे, तेव्हा ओळख सांगायला हे नाव उपयोगीही पडत असे. शेख बाबू यांचा दर्गा गावात आहे नि सिदाजी महाराजांचे मंदिरही आहे. वऱ्हाडावर बहामनी, इमादशाही, निजामशाही, मोगल, निजाम, भोसले अशा किती सत्ता आल्या नि गेल्या. १८५३ साली हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. गल्लीतून चालताना एखादी कमान, एखादा घुमट, एखादे कोरीव दार यांपैकी कोणत्या तरी काळाची खूण सांगते. इतिहासाच्या पुस्तकात जे एकामागून एक पाठ करावे लागते, ते इथे एकाच गल्लीत शेजारी शेजारी उभे असते.

जुनी घरे पाहताना आम्ही मुलांना नावे शिकवतो. आत शिरताच लागते ती ढेलज, पुढे सपरी, भिंतीतले कोनाडे, धान्याचे बळद. पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात जाड भिंती, सागवानी खांब, वर कडीपाट नि मातीचे धाबे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. त्या उन्हात धाब्याच्या घरात टेकले की जीव थंड होतो, आणि शेजारच्या स्लॅबच्या घरात पंखाही गरम वारा फेकतो. जाड भिंत दिवसाची उष्णता हळूहळू घेते, ती आत पोचेतो रात्र झालेली असते. पुढे आली मंगळुरी कौले. बाझल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तिथून ती देशभर पसरली. भुसावळ-नागपूर रेल्वे १८६७ साली पूर्ण झाली, वऱ्हाडचा कापूस बाहेर जाऊ लागला, त्याच्या पैशातून मोठमोठे वाडे उठले. एका घराच्या भिंती, छप्पर नि दारे पाहून गावात पैसा कधी आला नि कुणाकडे आला, याचा ताळेबंद मांडता येतो. बी.कॉम.चा आम्हाला झालेला हा एक फायदा!

आता खरी गोष्ट सांगतो. अशाच एका रविवारी आम्ही एका जुन्या वाड्यासमोर उभे होतो. अर्धा वाडा पडलेला, दारे-खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेलेले. आमच्याबरोबर कॉलेजात शिकणारा एक मुलगा होता. तो म्हणाला, "काका, या वाड्याच्या ढेलजीत आपल्या आजोबाले पाय ठेवू देत नव्हते. तो पडला त आपलं काय गेलं? पडू द्या!"

प्रश्न खोटा नव्हता. जुन्या गावाचा नकाशा म्हणजे जातीचा नकाशा. वाडा कुठे, देऊळ कुठे, विहीर कुणाची नि आपली वस्ती गावकुसाबाहेर कोणत्या दिशेला, हे सारे दगडामातीत लिहिलेले आहे. गावाचे जुनेपण नुसते सुंदर म्हणून सांगणे म्हणजे अर्धे सांगणे होय. आम्ही उत्तर शोधत होतो, इतक्यात बरोबर आलेल्या वस्तीतल्या एका आजीने त्याला धरले.

"पडू दे म्हनतं? अरे पोरा, या वाड्याची माती माह्या मायनं डोक्यावर वायली. माह्या बापानं थे भित रचली. वाडा पाटलाचा असंन, भित माह्या बापाची हाये."

मुलगा गप्प झाला. आम्हीही गप्प झालो. थोड्या वेळाने त्याच मुलाने मोजपट्टीचे टोक धरले नि भिंतीची जाडी मोजली. आजीने सांगितलेले सारे त्याने वहीत लिहून घेतले. माती कोणत्या नाल्याची, त्यात काय कालवले, मजुरी म्हणून पैसे मिळाले की जोंधळे.

कचेरीत कागद नसेल तर माणसाचे काही चालत नाही. आमच्या पूर्वजांच्या श्रमाचा कागद कोणी केला नाही. सातबारावर त्यांचे नाव नव्हते, शिलालेखावर तर नव्हतेच. त्यांच्या हाताचा पुरावा म्हणून ही भिंत तेवढी उरली आहे. वाडा जमीनदोस्त झाला की मालकाचे नाव कागदावर राहील, बांधणाऱ्याची खूण मात्र मातीत जाईल. आणि कोणाला ढेलजीत अडवत होते, हे दाखवायला ढेलजही उरणार नाही. अन्यायाची जागासुद्धा जपावी लागते, नाहीतर पुढे असे काही घडलेच नव्हते म्हणणारे निघतात.

वास्तू पाहायला जाणे हासुद्धा आपल्याला लढून मिळालेला हक्क आहे, हे मुलांना सांगणे भाग आहे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. दाराजवळच्या लहानशा हौदावर मंडळींनी प्रवासाची धूळ धुतली, तर पाणी बाटवले म्हणून केवढे काहूर उठले! शेवटी पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई देऊन त्यांना किल्ल्यात सोडले गेले. बाबासाहेबांनी स्वतः हा प्रसंग लिहून ठेवला आहे. आज आपला मुलगा मोजपट्टी घेऊन कोणत्याही स्मारकात ताठ मानेने शिरतो, ही साधी गोष्ट नाही.

याच बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तयार केलेल्या संविधानात ४९वे कलम आहे. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके राखणे हे राज्याचे बंधन आहे, असे ते सांगते. पुढे १९७६ सालच्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने ५१-क कलम आले नि आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकाचेही कर्तव्य ठरले. पातूरची लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहेत. १९५८ चा कायदा आणि २०१० ची त्याची दुरुस्ती यांनुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही. स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खडकावर प्रेयसीचे नाव कोरणाऱ्या तरुणांना हे कुणीतरी सांगावे! गावातल्या बहुतेक जुन्या घरांना मात्र कोणत्याच यादीचा आधार नाही. मालकाने ठरवले की दोन दिवसांत घर सपाट होते. मालकाचीही अडचण असते. धाब्याला दरसाल नवी माती लागते, ती टाकणारा माणूस मिळत नाही, भावाभावांत वाटणी झालेली असते. त्याला दोष देऊन घर वाचत नाही.

तेव्हा आमच्या हातात काय आहे? नोंद. आम्ही दोनशे पानी रजिस्टर घातले आहे. त्यात रकाने पाडले : वास्तू, जागा, बांधणीचे साहित्य, मोजमाप, आजची स्थिती, बांधणारे कोण, सांगणारे कोण, तारीख. 'बांधणारे कोण' हा रकाना कोणत्याही सरकारी नमुन्यात नसतो, तो आम्ही मुद्दाम घातला. मुले मोबाईलवर फोटो काढतात, मुली नकाशा काढतात. चाळीसेक पाने भरली आहेत. नोंद केलेल्यांपैकी दोन घरे आज जागेवर नाहीत, रजिस्टरात मात्र आहेत.

वाचकहो, हे काम पातूरपुरते नाही. बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांची छत्री नि किल्ला आहे, बार्शीटाकळीला जुने मंदिर आहे, आणि तुमच्या गावात निदान एक पडका बुरूज, एक बारव, एक चावडी असेलच. सकाळी ऊन चढायच्या आत निघावे. कुणाच्या घरात विचारल्याशिवाय शिरू नये. घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी नमस्कार करावा, मग प्रश्न विचारावे. आणि एक म्हातारे माणूस आवर्जून सोबत घ्यावे, कारण भिंत मोजता येते, पण ती कोणी रचली हे तेच सांगू शकते. आमच्या वस्तीत ऐंशी ओलांडलेली अशी चार माणसे उरली आहेत. येत्या रविवारी आम्ही त्यांच्यापैकी एका आजोबांना विहिरीवर नेणार आहोत. दगड उतरवणारे कोण होते, ते त्यांना नावानिशी आठवते म्हणे.