पायाखाली तळं, हाती गळ

मासे धरायला जायचं म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे होडी येते, जाळं येतं, फार तर नदीकाठी गळ टाकून बसलेली निवांत मंडळी. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मिनेसोटा राज्यात, भर हिवाळ्यात माणसं गोठलेल्या तळ्यावर चालत जातात, बर्फाला भोक पाडतात आणि त्यात गळ सोडून तासन्‌तास बसतात. यात मौज ती कसली, असं तुम्हांला वाटेल. पण मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींच्या लेकी-बहिणी आता तिकडे नांदताहेत! उद्या तुम्ही हिवाळ्यात त्यांच्याकडे गेलात आणि जावईबापूंनी हा बेत काढला, तर निघण्यापूर्वी काय काय पाहायचं हे ठाऊक असलेलं बरं.

माझी धाकटी बहीण मिनियापोलिसजवळ राहते. तिच्या घरीही ही पहिलीच वेळ होती. मेव्हण्यांना हौस, अकरा वर्षांच्या भाच्याला तर झोप येईना. सल्ला द्यायला शेजारच्या आजी होत्या. वय सत्तरीपार, आणि लहानपणापासून दर हिवाळ्यात बर्फावर जाणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, की मासा मिळणं न मिळणं नशिबावर, पण घरी परत येणं तयारीवर. आम्ही दोघी बहिणींनी हे वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

जायचं होतं मिल लॅक्स तळ्यावर. मिनियापोलिसहून उत्तरेला शंभरएक मैल. तळं म्हणायचं खरं, पण विस्तार एक लाख बत्तीस हजार एकरांच्या आसपास! पलीकडचा काठ दिसत नाही. खोली मात्र फार नाही, सगळ्यांत जास्त बेचाळीसएक फूट. नाव फ्रेंच, अर्थ 'हजार तळी'. ओजिब्वे हे इथले जुने रहिवासी, आणि आजही त्यांची वस्ती याच काठावर आहे. १८३७च्या तहात त्यांनी जमीन दिली तरी शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. तो हक्क कायम असल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली दिला. त्यामुळे दरवर्षी तळ्यातून किती मासा काढायचा हे ठरतं आणि त्यात त्यांचा वाटा वेगळा असतो. एका माशामागे केवढा इतिहास बघा!

हा मासा म्हणजे वॉलाय. १९६५पासून मिनेसोटाचा राज्यमासा. अंगाने सोनेरी-हिरवट, पोट पांढरं, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका, आणि दात असे की बोट घालण्याची सोय नाही. खरी गंमत त्याच्या डोळ्यांत आहे. मांजराच्या डोळ्यांवर बॅटरी मारली की कसे चमकतात, तसेच याचेही चमकतात. डोळ्यांच्या आत उजेड परतवणारा एक थर असतो, त्यामुळे अंधुक प्रकाशात त्याला इतर माशांपेक्षा चांगलं दिसतं. म्हणून तो पहाटे आणि तिन्हीसांजेला खायला निघतो. आपल्याकडे दिवेलागणीला घरी परतायचं, इथे नेमकं तेव्हाच गळ सांभाळत बसायचं! दुपारी बाराला जाऊन चारला परत येऊ म्हणाल तर रिकाम्या हाताने याल.

आता कपड्यांकडे येते, कारण सगळी तयारी खरी तिथेच आहे. आपण जन्मभर सुती कपड्यांचे गोडवे गातो. बर्फावर सूत म्हणजे वैरी! चालताना, भोक पाडताना थोडा तरी घाम येतोच. सूत तो धरून ठेवतं आणि बसल्यावर तोच ओलावा हाडं गोठवतो. म्हणून अंगालगत लोकरीचा नाहीतर कृत्रिम धाग्याचा पातळ कपडा, त्यावर उबदार जाड थर, आणि सर्वांत वर वारा आत न येऊ देणारा कोट व छातीपर्यंत येणारी विजार. एकच जाडजूड कोट घालण्यापेक्षा तीन थर केव्हाही बरे, गरम झालं की एक उतरवता येतो. बूट एक माप मोठे घ्या. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर रक्तच फिरत नाही, मग मोजे कितीही जाड असोत. हातमोजे पाच बोटांचे नकोत, चार बोटं एकत्र राहतील असे घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. आणि मोज्यांचा, हातमोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत वेगळा. साडी नेसून जाण्याचा विचारही नको.

थंडी किती? जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश जाणं ही तिथली रोजची गोष्ट. याच राज्यातल्या टॉवर या गावी २ फेब्रुवारी १९९६ रोजी शून्याखाली ५१ अंश सेल्सिअस नोंदले गेले होते. तिथे उघड्या कानांची चैन परवडत नाही.

पण थंडीपेक्षा मला धास्ती होती ती बर्फाची. एवढ्या पाण्यावर, एका कवचावर, लेकराला घेऊन बसायचं! शाळेत आपण शिकवतो, की पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून ते तळाशी बसतं आणि बर्फ वर तरंगतो, खाली मासे जगतात. फळ्यावर लिहिणं वेगळं आणि त्यावर पाय ठेवणं वेगळं. तिथल्या राज्याच्या निसर्गसंपदा खात्याने मापं ठरवून दिली आहेत. स्वच्छ, नव्या बर्फावर चालायला निदान चार इंच. लहान मोटार न्यायची तर नऊ-दहा. बर्फ पांढरट, दुधी असेल तर त्याची ताकद निम्मी धरायची, म्हणजे जाडी दुप्पट हवी. आणि एका जागी आठ इंच म्हणून शंभर पावलांवरही आठच असेल असं नाही. लोखंडी पहारीने ठोकत ठोकत पुढे जायचं, मधून मधून भोक पाडून मोजायचं. तळ्यावर रात्रभर धडाम्‌ असे आवाज येतात. थंडीने बर्फ ताणला-आकसला की तो असा बोलतो, तेवढ्याने घाबरायचं कारण नसतं. वारा मात्र वाईट. २०२२च्या नोव्हेंबरात याच राज्यातल्या अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि त्यावर दोनशेच्या आसपास माणसं अडकली. सगळी सुखरूप परत आली, पण विचार करा.

आमचा बेत आधी डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारचा होता. मेव्हण्यांनी रजा काढलेली, डबे भरलेले. आदल्या आठवड्यात हवा उबदार झाली, पाऊसही शिंतडला. काठावरच्या ज्या मंडळींकडून आम्ही झोपडी भाड्याने घेणार होतो, त्यांना बहिणीने फोन करून बर्फाची जाडी विचारली. उत्तर गुळमुळीत आलं. बहिणीने फोन ठेवला आणि सांगितलं, जायचं नाही. घरात केवढं वादळ! भाचा रडला, मेव्हणे दोन दिवस नीट बोलले नाहीत. मी परतण्याची तारीखही जवळ येत होती. मलाही क्षणभर वाटलं, हिने जरा जास्तच ताणलं. पण ती बधली नाही. "ताई, रजा परत मिळेल," एवढंच म्हणाली. पुढे दहा दिवस कडक थंडी पडली. दुसऱ्या ठिकाणी चौकशी केली तेव्हा त्यांनी स्वतःहून त्या सकाळी मोजलेली जाडी, कुठे भेग आहे, कोणता रस्ता बंद आहे, सगळं सांगितलं. तेव्हा निघालो. एवढ्या गोष्टी जो न विचारता सांगतो त्याच्याकडेच जावं, असं माझं मत झालं आहे.

तरीही प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बांधलेल्या दोन मुठी होत्या, टोकाला खिळे असलेल्या. पाण्यात पडलंच तर त्या बर्फात रुतवून, पाय मारत, आलो त्याच बाजूने वर सरकायचं. वर आल्यावर उभं न राहता गडबडा लोळत दूर जायचं. आजींनी भाच्याकडून दिवाणखान्यातल्या सतरंजीवर हे दोनदा करून घेतलं. पहिलं एक मिनिट श्वास आवरण्याचं, कारण गार पाण्याने धाप लागते. नंतर हातपाय चालतात ती दहाएक मिनिटं. भान हरपायला साधारण तास लागतो. हे माहीत असलं की माणूस घाबरून पहिलं मिनिट वाया घालवत नाही. बर्फावर मोटार चालवताना पट्टा सोडलेला, काचा खाली केलेल्या, वेग अगदी कमी.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी झोपडी भाड्याने घ्यावी. लाकडी खोली, आत बाक, जमिनीतच पाडलेली भोकं आणि गॅसची शेगडी. ऊब छान असते, पण आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गीझरने काय होतं ते तुम्ही वाचलं असेलच. तोच विषारी वायू इथेही, वास नाही, रंग नाही. झरोका उघडा ठेवायचा, वायू वाढला की ओरडणारं छोटं यंत्र बरोबर न्यायचं आणि डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर ताबडतोब बाहेर पडायचं.

आणखी एक प्रश्न, जो पुरुषांच्या यादीत कधीच नसतो. आमची सोय काय? आम्ही झाकणाची बादली, जाड पिशव्या आणि आडोशाला छोटा तंबू नेला होता. अडचण नको म्हणून पाणीच न पिणं हा आपला जुना उपाय थंडीत घातक ठरतो. प्यायचं, आणि सोय करून जायचं.

गळाचं सामान फार नसतं. दोन-अडीच फुटी आखूड काठ्या, बारीक दोरी, चकाकणारे धातूचे गळ आणि आमिषाला जिवंत छोट्या मासळ्या. त्या गोठू नयेत म्हणून बादलीत पाणी. बर्फाला भोक पाडायला गिरमिटासारखं यंत्र, भोक आठ-दहा इंचांचं. भोकावर साचणारा बर्फाचा चुरा काढायला जे साधन असतं ते पाहून मला हसूच आलं, हुबेहूब आपला झारा! ते काम आपोआप माझ्याकडे आलं. हिवाळ्यात माणशी दोन गळ चालतात. सोळा वर्षांवरच्यांना परवाना लागतो. परराज्यातल्या, परदेशातल्या पाहुण्यांना तो एका दिवसापुरताही मिळतो. किती मासे, किती लांबीचे ठेवायचे हे मिल लॅक्सवर वरचेवर बदलतं, तेव्हा निघण्याच्या दिवशी पाहावं आणि मोजपट्टी विसरू नये.

खायला डिंकाचे लाडू, तिळाच्या वड्या आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा. पोळ्या गोठून पापड होतात, नेऊ नका.

साडेचारच्या सुमाराला सूर्य टेकला आणि भाच्याच्या हातातली काठी वाकली. मग अर्ध्या तासात चार मासे. दोन मापात बसले नाहीत, ते पुन्हा त्याच भोकातून पाण्यात गेले. भाच्याने तोंड वाकडं केलं, पण सोडले त्यानेच.

उरलेले दोन झोपडीबाहेर ठेवले, दहा मिनिटांत लाकडासारखे कडक झाले. माशाचे तुकडे करून न्यायचे असतील तर प्रत्येकावर इंचभर खवल्याची कातडी ठेवावी लागते, तपासणाराला मासा ओळखता यावा म्हणून. आम्ही आख्खेच घरी नेले. वॉलायच्या मांसात काटा फार कमी, चवही सौम्य, म्हणून मसाल्याचा मारा नको. हळद, मीठ, लिंबू, थोडं आलं-लसूण लावून पंधरा मिनिटं ठेवायचं, रव्यात घोळवायचं आणि बेताच्या आचेवर तव्यावर परतायचं. दोन माशांचे चार तुकडे झाले. एक आजींना पोचवला, उरलेले तीन आम्ही चौघांनी खाल्ले.