मोटारसायकलीचा वाटाड्या : कोतूळ ते घाटघर

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात आता बैलजोडीच्या जागी मोटारसायकल उभी असते. बाजार, दवाखाना, बँक, सोयरीक, सारे काही तिच्यावरच. या मोटारसायकलीच्या हँडलवर वाट दाखविणारे यंत्र बसवावे काय, आणि बसवावे तर कोणते, असा प्रश्न माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी आषाढात मला केला. पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून वाड्यावस्त्या हिंडताना माझा वाटाड्या म्हणजे पारावर बसलेला माणूस. तेव्हा मला हसू आले. परंतु त्याला भंडारदऱ्याच्या बाजूने फिरायचे होते, आणि त्या वाटेवरचे कोतूळ आठवल्यावर हसू मावळले.

अकोले तालुक्यातील कोतूळ हे मुळा नदीकाठचे गाव. २०२१ च्या जानेवारीत तेथे घडलेला प्रकार आपण वर्तमानपत्रांत वाचला असेल. पुण्याकडून कळसूबाईला निघालेले तिघेजण रात्रीच्या वेळी मोबाइलवरील नकाशाच्या भरवशावर मोटारीने येत होते. नकाशाने पूल दाखविला. पूल होताही, पण पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्याखाली बुडालेला. मोटार सरळ पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, एक तरुण गेला. म्हणून मी पुतण्याला म्हटले, "यंत्र दुकानात बसून निवडू नकोस. आपण त्या वाटेनेच जाऊ, दोन तऱ्हेची यंत्रे बरोबर घेऊ, मग ठरव." त्याच्या गाडीवर त्याचा मोबाइल होता. माझ्या गाडीवर त्याने मित्राकडून मागून आणलेले, डोंगर चढणारे लोक वापरतात तसले बटणांचे, दोन पेन्सिल सेलवर चालणारे छोटे यंत्र बांधले.

निघण्यापूर्वी हे चालते कसे ते थोडक्यात सांगतो. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जी.पी.एस.चे उपग्रह सतत वेळेचा संदेश पाठवीत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की ते पोचायला किती वेळ लागला यावरून यंत्र आपली जागा काढते. यंत्र फक्त ऐकते, काही पाठवीत नाही. त्यामुळे जागा कळण्यासाठी मोबाइलची रेंज लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. अमेरिकेने सामान्य लोकांसाठी मुद्दाम ठेवलेली चूक २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकली, तेव्हापासून हे काम बरेच अचूक झाले. आपल्या इस्रोनेही २०१३ पासून 'नाविक'चे उपग्रह सोडले आहेत. ई-पीक पाहणीत आपण उभ्या पिकाचा फोटो काढता, तेव्हा गटाची जागा नोंदली जाते ती याच विद्येने, आणि मोजणीदाराचा रोव्हर चालतो तोही हिच्यावरच. म्हणजे ही वस्तू आपल्याला अगदीच परकी नाही.

मात्र जागा कळणे वेगळे आणि नकाशा दिसणे वेगळे. येथेच बहुतेकांची फसगत होते. उपग्रह फक्त ठिपका देतो. ठिपक्याखालचा नकाशा यंत्रात आधी साठवलेला असावा लागतो, नाहीतर तो इंटरनेटवरून यावा लागतो.

आळेफाट्याहून ब्राह्मणवाड्यामार्गे आम्ही कोतुळास पोचलो तेव्हा बारीक सर चालू होती. टपरीवर चहा घेतला, पाण्याची चौकशी केली आणि लोकांनी सांगितलेल्या वाटेने राजूर गाठले. राजूर म्हणजे डांगी जनावरांचे गाव. अंगावर काळे-पांढरे ठिपके आणि चिकट तेलकट कातडी असलेली ही जात मुसळधार पावसात चिखलणीला उभी राहते, तिथे खिलार टिकत नाही. पुतण्याला मी हे उत्साहाने सांगत होतो, पण त्याचे लक्ष मोबाइलकडे होते. काचेवर पावसाचे थेंब पडत आणि थेंबालाच बोट समजून नकाशा आपोआप सरके. हातमोजा घालून बोट फिरवावे तर काही हालत नसे. पुढे चार्जिंगच्या भोकात पाणी शिरले आणि मोबाइल चार्जिंग घेईना. माझ्या यंत्राचा पडदा बोटभर लांबीचा आणि चाळिशीशिवाय न दिसणारा, पण बटण दाबले की काम होई.

राजुरास टाकी भरून घेतली. शेंडीला विल्सन धरण दिसले. १९२६ साली पुरे झालेले हे धरण प्रवरेचे पाणी अडवून अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर भागाची शेती भिजवते. शेंडीपासून जलाशयाला वळसा घालणारी वाट आहे. मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर करून ती उडदावणे, पांजरे, मुरशेतवरून पुन्हा शेंडीस येते. वाचकहो, ही वाट एकदा तरी आषाढात पाहा. एकाच जिल्ह्यात कर्जत-जामखेडचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो, आणि इथे खाचरांच्या बांधांवरून पाणी ओसंडत असते. दोन्ही बाजूंना आवणी चालू होती. डोक्यावर इरले, गुडघाभर चिखल, हातात राबातली हिरवीगार रोपे. काळभातासारखे जुने वाण या बाजूने अजून लोकांनी जपले आहेत. मी गाडी थांबवून दोन रोपांतले अंतर पाहू लागलो, तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही रजेवर आहात!"

मुतखेल सोडल्यावर रेंज गेली. पुतण्याने नकाशा साठवून घेतलेला नव्हता. पडद्यावर कोऱ्या कागदावर निळा ठिपका राहिला. माझ्या यंत्रात वाटेची रेघ होती, म्हणून आता ते पुढे झाले. रतनवाडीला अमृतेश्वराचे दर्शन घेऊन निघालो, तर एका खाचरातून आजीबाईंनी हात केला.

"कुठं चाललात रं बाबा? फरशीवून पानी चाललंय. उतरू द्या जरा."

माझ्या यंत्रावर त्या ठिकाणी रेघ अखंड होती. दीड तास त्यांच्या पडवीत बसलो. पाणी उतरल्यावर फरशी पाहिली, तर एका कडेचा भराव वाहून गेला होता. आधी गेलो असतो तर तो पाण्याखाली दिसला नसता.

साम्रदला धुके इतके, की पुढच्या गाडीचा दिवा दिसेना. पुतण्याने माझ्या यंत्रावर कड्याखालचे डेहणे गाव शोधले. सरळ रेषेत ते अगदी जवळ निघाले. मध्ये सह्याद्रीचा कडा आहे. पायी करोली घाटाने उतरता येते, मोटारसायकलीने मात्र घोटी, इगतपुरी, कसारा करीत शंभर किलोमीटरहून जास्त वळसा पडतो. तेव्हा यंत्र घेताना ते अंतर सरळ रेषेत सांगते की रस्त्याने, हे आधी पाहावे. ढगांनी उपग्रहाच्या संदेशात फारसा फरक पडत नाही, पण सांदण दरीच्या तोंडाशी दोन्हीकडून कातळ आल्यावर ठिपका भरकटू लागला. घाटघरला २५० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे, पण धुक्यात त्यातले काहीच दिसले नाही.

परतताना पुतण्याने हिशेब मांडला. खास मोटारसायकलीसाठी केलेली यंत्रे मिळतात. ती पाण्यात टिकतात, मोजे घालूनही चालतात आणि उन्हात दिसतात. पण त्यांची किंमत म्हणजे एखाद्या जुन्या मोटारसायकलीची किंमत. लडाख, स्पितीला वरचेवर जाणाऱ्याने जरूर घ्यावे. डोंगरात पायी भटकणाऱ्याला बटणांचे यंत्र बरे. आपल्यासारख्यांनी घरातला जुना मोबाइल या कामाला काढावा. त्यात इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा, उदाहरणार्थ ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेला, घरूनच भरून घ्यावा आणि रेंज बंद करून एकदा गावातच तपासावा. नेहमीचा महागाचा मोबाइल हँडलवर लावू नये. इंजिनाच्या थरथरीने कॅमेरा बिघडू शकतो, असे एका बड्या कंपनीनेच २०२१ साली कळविले आहे. बॅटरीवरून चार्जर जोडताना मध्ये फ्यूज टाकायला सांगावे. कायद्याचे म्हणाल, तर १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे गाडी चालविताना मोबाइल फक्त वाट पाहण्यासाठी आणि लक्ष विचलित न होता वापरता येतो. बोट लावायचे झाल्यास गाडी बाजूला घ्यावी.

पुतण्याने शेवटी जुना मोबाइलच काढला. वर झाकण असलेली जलरोधक पिशवी आणि घट्ट पकडीचा स्टँड एवढेच विकत घेतले. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये कोणालाही दुरुस्ती करता येते. घरी आल्यावर त्याने ती फरशी शोधून काढली आणि पावसाळ्यात तिच्यावरून पाणी वाहते, अशी नोंद केली. नंतर मला विचारू लागला, "काका, तुमच्या सर्कलमधल्या अशा फरश्या किती?" मी जुनी दौरा डायरी काढून बसलो. पहिल्या संध्याकाळी अकरा निघाल्या.