टेप बंद, तरी बॅटरी का बसते?

चार-पाच दिवस झड लागते, ट्रॅक्टर जागेवर उभा राहतो. उघडीप मिळून वापसा येतो, सगळे पेरणीला पळतात, अन् नेमकं त्याच सकाळी स्टार्टर नुसतं 'टक' करतं. आमच्या आखाडा बाळापूर भागातल्या काळ्या रानात वापसा कुणासाठी थांबत नाही.

मग आपण म्हणतो, बॅटरी गेली. नवीन टाकतो. थोड्या दिवसांनी तीही बसते. माझ्या पुतण्याच्या ट्रॅक्टरला असंच झालं. तो तिसरी बॅटरी आणायला निघाला तेव्हा मी त्याला म्हणलं, विहिरीला पाणी असून टाकी भरंना तर आपण दुसरी विहीर खांदतो का? आधी पाइप कुठं गळतो ते बघतो.

गळती बघायची रीत सोपी आहे. चावी काढा, सगळं बंद करा. बॅटरीची मायनस केबल सोडा. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, मीटर १० अँपिअर डीसीवर ठेवा. एक टोक सोडलेल्या केबलला, दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा. आकडा ०.०५ च्या आत असला तर काळजी नाही. मीटर लावलेलं असताना स्टार्टर मारू नका, मीटर जळंल.

पुतण्याचा आकडा आला ०.७ अँपिअर. दिवसाचे २४ तास धरले तर जवळपास १७ अँपिअर-तास नुसते उभ्या उभ्या गेले. चार दिवसांत ६७. बॅटरीच ७५ ची, मग सकाळी स्टार्टरला काय उरणार?

टेपचा फ्यूज काढला, थोडा फरक पडला. ॲम्प्लिफायरचा काढला, आकडा एकदम खाली आला. टेपची काळी तार अर्थिंगची असते. पिवळी कायम चालू, सेटिंग लक्षात ठेवायला. लाल चावीवरची. निळी तार टेप चालू झाला की ॲम्प्लिफायरला जागं करते. बसवणाऱ्यानं लाल-पिवळी एकत्र पिळून थेट बॅटरीला दिली होती, अन् ॲम्प्लिफायरची जागं करायची तारही तिथंच. गाणं बंद, पण ॲम्प्लिफायर रात्रभर जागाच. रात्री त्याचा डबा कोमट लागला किंवा बारका दिवा चालू दिसला, तर समजून जा.

लाल तार चावीवर घेतली, निळी टेपवरून दिली. आकडा ०.०२ वर आला. बॅटरी तीच, फक्त चार्ज करून घेतली.

दोन्ही फ्यूज काढून आकडा उतरला नाही तर मीटर बाजूला ठेवून डायनामोची मोठी तार सोडा, तिचं टोक टेपपट्टीनं गुंडाळा अन् परत मोजा. आतला डायोड गेला की करंट उलटा वाहतो. गळती कुठंच नाही, रात्रभर चार्ज करून १२.६ व्होल्ट दाखवते अन् तरी दोन दिवसांत १२.२ च्या खाली येते, तर मग बॅटरी खरंच म्हातारी झाली.

गाणं बंद करा असं मी म्हणत नाही. रात्रीच्या नांगरटीला सोबत लागतेच. फक्त तारा मृगाच्या आधी, रिकाम्या वेळात तपासून घ्या.