उजेड कुणावर?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सौंसरहून पांढुर्ण्याला गेलो, गोटमार, म्हणजे दोन काठांमधली दगडफेकीची जत्रा, चित्रित करायला. जाम नदीच्या पलीकडे सावरगाव, पात्रात रोवलेला पळस, त्यावर झेंडा. कॅमेरा ऑटोवर असला की पांढरे सदरे फ्रेममध्ये येताच चेहरे काळवंडत. ढग आला की सगळंच उजळे. मग पंचवीस फ्रेमला शटर १/५० वर बांधलं, एनडी फिल्टर लावला आणि आयरिस बोटानं फिरवत राहिलो. आभाळावर अतिउजेड दाखवणारे झेब्राचे पट्टे उमटले, उमटू दिले. मला दगडांच्या माऱ्यात पळसाकडे सरकणाऱ्या माणसाचा चेहरा हवा होता. त्यात भीती होती की श्रद्धा, मला अजून उमगत नाही. एवढं मात्र पटलं : उजेड कुणावर ठेवायचा, हे यंत्रावर सोपवू नये. ती जबाबदारी बघणाऱ्याची.