आयोवातल्या शेवया

लेकीच्या बाळंतपणाला जानेवारीत अमेरिकेत, आयोवाला गेले. मैलोन् मैल मक्याची शेतं, सगळी बर्फाखाली! आपण शेवया उन्हात वाळवतो. तिकडे अंड्याच्या जाड शेवया गोठवलेल्याच मिळतात. कोंबडीच्या रश्शात शिजवून कुस्करलेल्या बटाट्यावर वाढतात. मी पिशवी आधीच बाहेर काढून ठेवली अन् झाला गोळा! त्या थेट उकळत्या रश्शात सोडायच्या, वीसेक मिनिटं.

माझी निघायची वेळ आली, तिची नोकरी सुरू होणार. मग पास्ता जरा कच्चाच उकडला, निथळून तेलाचा हात लावला अन् एकेका जेवणापुरता पिशव्यांत गोठवला. उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवला की झालं.

विमानतळावर लेक म्हणाली, "आई, शेवटची पिशवी मी उघडणारच नाही."

"वेडे, दोन महिन्यांत संपव. चव जाते."