मोर्चात पुढे, उमेदवारीत मागे

2024 च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूरकरांनी प्रतिभा धानोरकर यांना अडीच लाखांहून अधिक मताधिक्यानं दिल्लीला पाठवलं. समोर होते सुधीर मुनगंटीवार. आमच्या बल्लारपूरचे आमदार आणि राज्याचे तेव्हाचे मंत्री. निकालानंतर गावात एकच बोल वारंवार कानी आला, ‘सहानुभूतीची लाट होती.’ पती बाळू धानोरकर खासदार असतानाच 2023 मध्ये गेले, हे खरं. पण प्रतिभाताई 2019 पासून वरोऱ्याच्या आमदार होत्या, हेही तितकंच खरं. बाईचा विजय मोजताना पहिली गोष्ट आपल्याला आठवते, दुसरी नाही.

इथला इतिहासही हेच सांगतो. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार 1963 मध्ये पदावर असताना वारले आणि पुढे त्यांच्या पत्नी ताई कन्नमवार चांद्याहून, म्हणजे आजच्या चंद्रपुरातून, लोकसभेत गेल्या. सहा दशकांच्या अंतरानं दोघी दिल्लीला पोचल्या, त्या घरावर दुःख कोसळल्यानंतर. त्यांना काय बोल लावायचा? घरातला पुरुष गेल्यावरच पक्षांना बाईची आठवण का होते, हे विचारायला हवं.

कर्तबगार बायांची इथे कधीच वानवा नव्हती. शोभाताई फडणवीस सावली मतदारसंघातून निवडून येऊन मंत्री झाल्या. दारूबंदीसाठी 2010 मध्ये गावोगावच्या बाया चिमूरहून पायी नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर धडकल्या. 2015 मध्ये जिल्ह्यात बंदी लागली, 2021 मध्ये उठली. बंदी योग्य की अयोग्य, यावर मतं वेगळी असतील. मला सलतं ते एवढंच, की ती उठवायचं ठरलं त्या मंत्रिमंडळात पाय सुजेपर्यंत चाललेल्या बायांपैकी एकही नव्हती.

ग्रामपंचायतीत आज निम्म्या जागा महिलांच्या आहेत. तिथून वर जावं तशा त्या दिसेनाशा होतात. 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या 48 खासदारांत सात महिला निवडून आल्या, देशातल्या 543 मध्ये 74. शेजारच्या गडचिरोली-चिमूरनं तर अजून एकही महिला खासदार पाहिलेली नाही. 2023 च्या महिला आरक्षण कायद्यानं एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या, पण अंमल जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर सोडला.

उमेदवारी द्यायला मात्र पक्षांना कुठल्याच जनगणनेची वाट पाहावी लागत नाही. पाच वर्षं गावचा कारभार हाकलेली, तहसील कचेरीत भांडून रेशन मिळवून देणारी बाई त्यांच्या सभेला गर्दी म्हणून चालते. तिकिटांच्या यादीतही तिचं नाव हवं, आणि ते तिच्या स्वतःच्या कामावर.